रुळांचा धनी कोण?

रूळ तडकला, तर तो कोणी बदलावा आणि तोवर गाड्या कोणी थांबवाव्यात, हा प्रश्न वरवर पाहता साधा आहे. आपल्याकडे पायी फिरून रूळ तपासणारा कीमन आणि गाडीचा चालक एकाच रेल्वेचे नोकर असतात. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर शोधत फिरावे लागत नाही. ब्रिटनने मात्र हा प्रश्न अवघड करून ठेवला.

१९९३ च्या कायद्यान्वये तेथील सरकारी रेल्वेची वाटणी झाली. रूळ आणि सिग्नल 'रेलट्रॅक' या कंपनीकडे गेले. प्रवासी गाड्या चालवण्याचे हक्क पंचवीस भागांत वाटले गेले, डब्यांचे मालक आणखी निराळे आणि रुळांची देखभाल कंत्राटदारांकडे. गाडी रखडली की दोष कोणाचा हे ठरवून एकाने दुसऱ्याला भरपाई द्यावी, अशी व्यवस्था झाली. भरपाईच्या धाकाने प्रत्येक जण दक्ष राहील, हा त्यामागील विचार चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु धाकापोटी माणूस दक्ष होतो, तसाच तो दोष टाळण्यातही तरबेज होतो. गाडीवर आदळलेला पक्षी लहान की मोठा, यावरही तेथे वाद झडले!

वादाची ही चैन हॅटफील्ड येथे महाग पडली. १७ ऑक्टोबर २००० रोजी तेथे रुळाचे तुकडे उडून लंडनहून लीड्सला जाणारी गाडी घसरली आणि चार प्रवासी मृत्युमुखी पडले. त्या रुळातील दोष आधीच ध्यानात आला होता. बदली रूळ आणून लोहमार्गालगत ठेवलेलेही होते. ते बसवणे तेवढे राहिले होते. पुढची हकिकत अधिक बोलकी आहे. अशा भेगा आणखी कोठे आहेत, याची पुरेशी माहिती रुळांच्या धन्यापाशीच नव्हती, कारण माहिती कंत्राटदारांत विखुरलेली होती. मग देशभर हजाराहून अधिक ठिकाणी वेगमर्यादा घालावी लागली आणि कित्येक महिने गाड्या रांगत राहिल्या.

खासगीकरणानंतर तेथील प्रवासी वाढले, हे मान्य केले पाहिजे. सरकारी गाड्याही उशिरा धावतात, हे तर आपणांस कोणी सांगावयास नको. तरीही रूळ पाहणारे डोळे आणि निर्णय घेणारा हात एकाच धन्याचे असावेत, असे माझे मत आहे. २००२ मध्ये 'रेलट्रॅक'ची जागा घेणाऱ्या 'नेटवर्क रेल'ने पुढच्याच वर्षी देखभालीचे काम कंत्राटदारांकडून काढून स्वतःकडे घेण्याचे ठरवले.