काम तिचे, खुर्ची कोणाची?



आपल्या नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कापडाचे कारखाने आले. सप्टेंबर २०२४ मध्ये पीएम मित्रा वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणीही झाली. तेव्हापासून सगळीकडे एकच चर्चा : किती हातांना काम मिळेल? हातांची मोजदाद होते. त्या हातांमागच्या माणसाला काय वाटते, हे कोण विचारणार?

हा प्रश्न १९५० च्या दशकात अहमदाबादच्या कापडगिरण्यांत एका बाईने विचारला होता. तिचे नाव कमला चौधरी. जन्म १९२० चा, लाहोरचा. लग्नानंतर थोड्याच काळात वैधव्य आले. पण त्या खचून घरात बसल्या नाहीत. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातून १९४९ साली त्यांनी सामाजिक मानसशास्त्रात पीएच.डी. मिळवली. परत येऊन ‘अटिरा’ या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेत मानसशास्त्र विभाग सांभाळला. गिरणीतले नियोजन आणि कामगारांचे मनोधैर्य यांचा संबंध त्यांनी प्रत्यक्ष अभ्यासातून तपासला. बिघाड दिसला की कामगाराला आळशी ठरवून मोकळे व्हायची आपली रीत. त्यांनी व्यवस्थापनाकडेही बोट दाखवले.

१९६१ साली अहमदाबादला भारतीय व्यवस्थापन संस्था (आयआयएम) निघाली. तिच्या पहिल्या प्राध्यापक कमलाताईच. संस्थेची घडी बसवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. मात्र १९६५ साली पूर्णवेळ संचालक नेमायची वेळ आली, तेव्हा खुर्ची रवी मथाई यांना मिळाली. मथाई कर्तबगार होते, यात वाद नाही. पण राबणारी बाई आणि खुर्चीवरचा पुरुष हे चित्र आपल्याला ओळखीचे नाही का? बचत गटाचा हिशेब ती ठेवते, ग्रामपंचायतीत निवडून ती येते, आणि कारभार तिचा नवरा पाहतो!

कमलाताई तिथे थांबल्या नाहीत. १९८५ साली त्या राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळाच्या अध्यक्ष झाल्या. २००६ साली त्यांचे निधन झाले.

लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक कामाच्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी, आणि तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाईच हवी. बाया फक्त शिलाई मशीनवर बसल्या, तर कारखान्यात वरिष्ठ बाई येणार कुठून? म्हणून नोकरी मागताना सुपरवायझरची, मॅनेजरची जागाही मागू या. हात आपले आहेत, डोकेही आपलेच आहे.