जुनी गाडी, नवा हिशोब

नोकरी लागली, दोन-चार पगार हातात पडले की घरात एक वाक्य हमखास येतं, ‘एखादी सेकंड हँड गाडी बघून ठेव की.’ पण बघायचं काय, हे कोणी सांगत नाही. विकणाऱ्याची भाषा मात्र नांदेड असो की लातूर, सगळ्यांना पाठ आहे. ‘सिंगल हँड आहे’, ‘डॉक्टर साहेबांची गाडी होती’, ‘एक रुपयाचं काम नाही’. पहिल्यांदाच गाडी घेणारं पोरगं यावर मान डोलावतं, टायरला एक लाथ मारून बघतं आणि टोकन देऊन मोकळं होतं.

सध्या असं मोकळं होणं महागात पडू शकतं. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन गोष्टी आगेमागेच घडल्या. २२ सप्टेंबरपासून नव्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी उतरला आणि त्याच सुमारास मराठवाडा पाण्याखाली गेला. एका गोष्टीने जुन्या गाडीच्या किमतीचं गणित बदललं, दुसरीने तिच्या तब्येतीचं. दोन्ही समजून घेतल्याशिवाय व्यवहाराला बसू नका.

आधी किंमत

चार मीटरपेक्षा लहान आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर आधी २८ टक्के जीएसटी आणि वर १ टक्का सेस होता. आता तो सरळ १८ टक्के आहे. म्हणजे कराआधी १०० रुपयांची वस्तू आधी १२९ ला पडायची, ती आता ११८ ला पडते. कंपनीने पूर्ण फायदा पुढे दिला, तर शोरूममध्ये सहा लाखांची असलेली गाडी साधारण ५१ हजारांनी स्वस्त होते. मारुतीने त्या वेळी एस-प्रेसोची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत ३ लाख ४९ हजार ९०० आणि अल्टो के१० ची ३ लाख ६९ हजार ९०० जाहीर केली होती.

याचा जुन्या गाडीशी काय संबंध? पुष्कळ आहे. जुन्या गाडीची किंमत नव्या गाडीच्या किमतीला बांधलेली असते. विकणारा म्हणतो, ‘तीन वर्षांपूर्वी सहाला घेतली, चारला देतो, दोन लाख सोडले की.’ त्याने किती सोडले, हा तुमचा प्रश्नच नाही. तीच गाडी आज नवी केवढ्याला मिळते, हा प्रश्न आहे. ती आज साडेपाचला मिळत असेल, तर तुमची घासाघीस साडेपाचपासून खाली सुरू झाली पाहिजे.

दुसरा मुद्दा डीलरकडच्या कराचा. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषदेची बैठक झाली. त्यात डीलरने विकलेल्या सगळ्या जुन्या गाड्यांसाठी १८ टक्के दर ठरला. छोट्या गाड्यांना आधी १२ टक्के होता. तेव्हा सोशल मीडियावर ‘जुन्या गाडीवर १८ टक्के टॅक्स’ असा गोंधळ उडाला होता. हा कर पूर्ण किमतीवर नसतो, फक्त डीलरच्या खरेदी-विक्रीतल्या फरकावर असतो. त्याने तीन लाखांना घेऊन ३ लाख ४० हजारांना विकली, तर कर ४० हजारांवर, म्हणजे ७ हजार २००. कोणी ‘साडेतीन लाखांवर १८ टक्के वेगळे’ म्हणालं, तर उठून या. आणि शेजारच्या काकांकडून थेट गाडी घेत असाल, तर हा जीएसटी लागतच नाही.

तिसरा मुद्दा कर्जाचा. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर साधारणपणे नव्यापेक्षा जास्त असतो. उदाहरण म्हणून जुन्या गाडीला १५ टक्के आणि नव्या गाडीला ९ टक्के धरू, मुदत दोन्हीकडे पाच वर्षं. जुन्या गाडीसाठी तीन लाख काढले, तर हप्ता ७ हजार १४० च्या आसपास आणि एकूण व्याज साधारण १ लाख २८ हजार. नव्या गाडीसाठी चार लाख काढले, तर हप्ता ८ हजार ३०० च्या आसपास, पण एकूण व्याज ९८ हजार. एक लाख जास्त कर्ज घेऊनही व्याज कमी! जुनी गाडी घेऊच नका, असा याचा अर्थ नाही. जुनी गाडी रोखीत किंवा छोट्या कर्जात परवडते. बहुतेक रक्कम कर्जाचीच असेल, तर आधी बँकेत दोन्ही दर विचारा, मग गाडी बघा.

पाण्यात बुडालेली गाडी

१७-१८ ऑगस्टच्या रात्री मुखेड तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला. रावणगाव, हसनाळसारखी गावं पाण्यात गेली, माणसं आणि जनावरं दगावली. सप्टेंबरच्या शेवटी मांजरा, तेरणा आणि गोदावरी या तिन्ही नद्यांच्या काठाला पूर होता आणि नांदेड शहराच्या सखल भागांतही पाणी शिरलं. माणसांच्या नुकसानीपुढे गाडीचं काय घेऊन बसलात, असं वाटेल. पण त्या पाण्यात उभ्या असलेल्या गाड्या पुसून-वाळवून विक्रीला येऊ शकतात आणि घेणाराही आपल्यातलाच असतो.

गाडीचा फुल इन्शुरन्स असेल, तर दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे गाडीच्या विमा किमतीच्या, ७५ टक्क्यांहून जास्त गेल्यावर विमा कंपनी ती ‘टोटल लॉस’ धरते. मालकाला पैसे मिळतात आणि गाडीचा सांगाडा लिलावात जातो. तिथून तो गॅरेजमार्गे पुन्हा रस्त्यावर येऊ शकतो. फक्त थर्ड पार्टी इन्शुरन्स असेल, तर पुराच्या नुकसानीचा एक रुपयाही मिळत नाही. अशा मालकासमोर एकच रस्ता उरतो, गाडी साफ करून विकणे. हा प्रकार नवा नाही. २०१५ मध्ये चेन्नईच्या पुरानंतर बुडालेल्या गाड्यांचे मोठे लिलाव झाले होते.

अमेरिकेतल्या राज्यांत अशा गाडीच्या मालकीच्या कागदावरच ‘सॅल्व्हेज’ किंवा ‘फ्लड’ असा शिक्का बसतो. तरीही २००५ च्या कतरिना वादळानंतर तिथे बुडालेल्या गाड्या दुसऱ्या राज्यांत नेऊन विकल्या गेल्याच. आपल्याकडे तर आरसीवर असा रकानाच नाही. चिखलात बुडालेली गाडी आणि अंगणात झाकून ठेवलेली गाडी, दोघींची आरसी सारखीच दिसते. विमा कंपनीकडे टोटल लॉसची नोंद असते. ती ‘वाहन’ पोर्टलवर दिसू लागली, तर अर्धी फसवणूक तिथेच थांबेल. ही मागणी तरुण ग्राहकांनीच लावून धरायला हवी. तोवर तपासणी आपल्यालाच करायची आहे.

ती कशी करायची? सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. धुणारे वरचा भाग धुतात, आतल्या पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते. डिकीतली स्टेपनी बाहेर काढा आणि खालच्या खड्ड्यात गंज किंवा गाळ आहे का बघा. मॅटखाली हात घाला. सीटखालचे बोल्ट आणि पट्ट्या गंजल्यात का पाहा. हेडलाइटच्या काचेत आतून वाफ किंवा पाण्याचा डाग आहे का, तेही बघा. काचा बंद करून एसी लावा आणि कुबट वास येतो का पाहा. गाडीत भरपूर परफ्यूम मारलेला असेल, तर जास्त संशय घ्या.

सही कुठे, नाव कुठे

आपल्याकडचा सगळ्यात धोकादायक रिवाज म्हणजे कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या. मालक सही करून देतो, एजंट फॉर्म खिशात ठेवतो, गाडी तीन जणांकडे फिरते आणि आरटीओत नाव पहिल्याचंच राहतं. सोबत बाँडवर नोटरी केलेली असते, म्हणून सगळे निवांत.

मोटार वाहन कायद्यात हा निवांतपणा बसत नाही. कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यावर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात हे स्पष्ट केलं. त्यातली गाडी हातोहात विकली गेली होती, पण नोंद बदलली नव्हती. अपघातात एक जीव गेला आणि भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावर आली. त्यामुळे वडिलांची जुनी गाडी विकत असाल, तरी ‘नावावर होईल हळूहळू’ म्हणून सोडू नका.

घेणाऱ्याचाही तोटा आहेच. थर्ड पार्टी विमा कायद्याने गाडीसोबत नव्या मालकाकडे येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम हवा असेल, तर पॉलिसी १४ दिवसांत नावावर करून घ्यावी लागते. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही.

डीलरकडून घेत असाल, तर त्याचं आरटीओचं अधिकारपत्र मागा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी हा नियम आहे. अधिकृत डीलरकडे गाडी आल्याची ऑनलाइन नोंद झाली, की तिची जबाबदारी त्याच्याकडे येते.

‘हैदराबाद पासिंग आहे, स्वस्तात पडते’

नांदेडला तेलंगणाची आणि लातूरला कर्नाटकाची हद्द लागून. त्यामुळे परराज्याच्या पासिंगची गाडी स्वस्तात देणारा इथे भेटतोच. दिल्लीत जुन्या डिझेल-पेट्रोल गाड्यांवर निर्बंध असल्याने दिल्ली पासिंगच्या गाड्याही स्वस्त सांगितल्या जातात. किंमत खरंच कमी असते, पण पुढचा खर्च कोणी बोलत नाही. मूळ आरटीओची एनओसी लागते आणि गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची, तर एमएच नंबर घ्यावा लागतो. मग महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो. तो किती येईल, हे एमएच २६ किंवा एमएच २४ च्या कार्यालयात आधीच विचारा आणि किमतीत मिळवा. बरेचदा ‘स्वस्त’ तिथेच संपतं.

गाडीचं वयही बघा. १५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं. गाडीसाठी त्याची फी ५ हजार आहे, २० वर्षांपुढे १० हजार, आणि पर्यावरण कर वेगळा. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी नंबर प्लेट बसलीय का पाहा. चारचाकीसाठी ती ७४५ रुपये अधिक जीएसटी अशी मिळते. ती नसेल तर नावावर करण्याचं काम अडतं.

टोकन देण्याआधी

गाडीचा नंबर एम-परिवहन अॅपवर टाका. कितवा मालक, इन्शुरन्स, पीयूसी आणि बँकेचा बोजा तिथे दिसतो. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. ई-चलान बाकी आहेत का, तेही ऑनलाइन कळतं.

मीटरवर विश्वास ठेवू नका, कारण तो मागे फिरवता येतो. सर्व्हिस सेंटरची नोंद मागा, त्यात प्रत्येक सर्व्हिसला किलोमीटर लिहिलेले असतात. टायरवर चार आकडे असतात, ३५२१ म्हणजे २०२१ चा ३५ वा आठवडा. २०२१ ची गाडी ‘वीस हजारच चाललीय’ म्हणतात आणि चारही टायर २०२४ चे आहेत, तर का, ते विचारा. गाडी सकाळी, इंजिन गार असतानाच स्टार्ट करायला लावा. निळा धूर निघाला, तर इंजिन ऑइल जळतंय. शेवटी हजार-दोन हजार गेले तरी चालतील, पण आपल्या ओळखीच्या मिस्त्रीला गाडी दाखवा. त्यांच्या नाही, आपल्या. ‘दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय’ असं कोणी म्हणालं, तर येऊ द्या.

आणि एक अट आधीच लिहून घ्या. शेवटचे वीस-पंचवीस हजार रुपये आरसीवर तुमचं नाव आल्यावरच द्यायचे. विकणारा खरा असेल तर तो यावर थोडी कुरकुर करेल, पण तयार होईल. तयारच होत नसेल, तर ती गाडी सोडा.