दिवंगतांच्या तोंडी शब्द घालू नका

एप्रिल २०२५ मध्ये नाशिकच्या एका पक्षशिबिरात बाळासाहेब ठाकरे यांचा आवाज घुमला. भाषण आजच्या राजकारणावरचे होते, आणि बाळासाहेबांना जाऊन तेव्हा बारा वर्षे उलटली होती. आवाज यंत्राने घडवलेला होता. त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये तमिळनाडूत द्रमुकच्या व्यासपीठावर करुणानिधी पडद्यातून बोलले. ते २०१८ मध्येच गेले होते. त्याच सुमारास इंडोनेशियात निवडणुकीसाठी दिवंगत राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंना मतदारांपुढे पुन्हा उभे केले गेले. पक्ष वेगळे, देश वेगळे. माझा आक्षेप कुणा एकावर नाही. ही रीत रुजायच्या आत थांबवली पाहिजे, म्हणून कळकळीने लिहितो आहे.

नेत्याच्या शब्दाला वजन असते, कारण त्याची जबाबदारी तो अंगावर घेतो. पत्रकार त्याला उलटे प्रश्न विचारतात, विरोधक कोर्टात खेचतात, कार्यकर्ते तोंडावर नाराजी सांगतात. कधी तो स्वतःच मत बदलतो. यंत्रातून बोलणाऱ्या दिवंगताला यातले काहीच लागू नाही. भाषण लिहायचे दुसऱ्याने आणि पुण्याई खर्चायची त्याची. उद्या तोच आवाज विरोधी गटाने उलट्या बाजूने बोलवला, तर कोण कुणाला अडवणार?

महाराष्ट्राला तर हे सर्वांआधी कळायला हवे. बाबासाहेब आंबेडकरांचे लेखन आणि भाषणे राज्य सरकार १९७९ पासून खंडांच्या रूपाने प्रसिद्ध करत आले आहे. वसंत मून यांनी त्या कामात आयुष्याची कितीतरी वर्षे घातली: अप्रकाशित हस्तलिखिते मिळवायची, सुटी पाने लावायची, पाठ ठरवायचा. त्या खंडांतल्या ‘रिडल्स इन हिंदुइझम’वरून १९८७-८८ मध्ये माणसे रस्त्यावर उतरली, तेव्हाही भांडण बाबासाहेबांनी लिहिलेल्या मजकुरावर होते. दोन्ही बाजूंच्या हातात तीच पाने होती, म्हणून वाद घालता आला. बाबासाहेबांच्या आवाजातली घडवलेली भाषणे फोनाफोनांवर फिरू लागली, तर मून यांच्यासारख्यांनी जपलेला तो आधारच निसटेल.

गाण्यात नुकसान आणखी हळू होते, म्हणून ते लवकर दिसत नाही. गायिका किशोरीताई आमोणकर २०१७ मध्ये गेल्या. आज त्यांचे गाणे शिकू पाहणारी मुलगी ध्वनिमुद्रणे ऐकते: एकाच रागाच्या दोन मैफली, एकीत निषादावरचा ठहराव वेगळा, दुसरीत बढत वेगळी. या फरकातूनच ती विचार शिकते. त्यांनी कधीही न गायलेली बंदिश हुबेहूब त्यांच्या आवाजात मिळू लागली, की ती मुलगी कुणाचा विचार शिकणार? ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’ चित्रपटाच्या गाण्यात बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज वापरले, कुटुंबांची परवानगी घेतली, मोबदला दिला, हे त्यांनी जाहीर सांगितले. ते सचोटीने वागले, तरी मला विचारावेसे वाटते: गायकाने जे गाणे ऐकलेही नाही, त्याला होकार वारसांनी कसा द्यायचा?

कायदा इथे तोकडा पडतो. आशा भोसले २०२५ मध्ये आपल्या आवाजासाठी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि त्यांना संरक्षण मिळाले. गेलेल्याला मात्र न्यायालयाची पायरी चढता येत नाही. दिवंगत अभिनेते सुशांतसिंह राजपूत यांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले की व्यक्तिमत्त्वाचे असे हक्क माणसाबरोबरच संपतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलावंताच्या सादरीकरणाला ५० वर्षांचे संरक्षण आहे, पण ते त्याने केलेल्या सादरीकरणाला. न केलेल्याचे काय? अमेरिकेत टेनेसी आणि कॅलिफोर्निया राज्यांनी २०२४ मध्ये आवाजासाठी कायदे केले. आपण का थांबलो आहोत?

यंत्राला माझा विरोध नाही. घशाच्या आजाराने वाचा जाणाऱ्याला स्वतःचा आवाज जपून ठेवता येतो, ही मोठीच गोष्ट आहे. तिथे माणूस जिवंत आहे आणि निर्णय त्याचा आहे. तोच निर्णय कायद्याने मेल्यानंतरही मानावा: हयातीत लेखी संमती नसेल तर आवाज आणि चेहरा घडवायचा नाही, आणि राजकीय प्रचारासाठी तर वारसांच्या सहीनेही नाही. विधिमंडळात असे विधेयक आणा, असे आपल्या आमदाराला पत्र लिहून सांगा. पक्ष कोणताही असो. साहित्य संमेलनात ठराव मांडले जातात, त्यात हा ठराव येऊ द्या. संगीत सभांनी आणि खासगी संग्राहकांनी आपल्या मूळ फिती तारीख, स्थळ, साथीदारांच्या नोंदींसह सूचीबद्ध कराव्यात; अस्सल काय ते ओळखायला पुढे याच नोंदी लागणार आहेत. निवडणुकीच्या दिवसांत एखादा दिवंगत नेता तुमच्या फोनवर बोलू लागला, तर तो पुढे पाठवू नका आणि पाठवणाऱ्याला विचारा, हे कुणी लिहिले? मृत्युपत्र कराल, तेव्हा घर-जमिनीच्या कलमांखाली आणखी एक कलम घाला: माझ्यामागे माझ्या आवाजाचे काय करायचे आणि काय करायचे नाही.