परांचीवरचा माणूस

दसरा-दिवाळी जवळ आली, की इंदरगंजातील घरांची डागडुजी निघते. कोठे गच्ची, कोठे वरचा मजला. दर किती, माल कोणता, याची चौकशी आपण सारे करतो. परांचीवर चढणाऱ्याच्या जिवाची काळजी कोणाकडे, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली स्वतंत्र कायदा झाला. १९९८ च्या केंद्रीय नियमांनी मजबूत परांची, शिरस्त्राण, सुरक्षापट्टा इत्यादींचा तपशील घालून दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. परंतु कामगार दहापेक्षा कमी असतील, किंवा स्वतःच्या राहत्या घराचे काम ५० लाखांच्या आत असेल, तर ते संहितेच्या लेखी 'बांधकाम'च नव्हे. म्हणजे आपली बहुतेक कामे तिच्या कक्षेबाहेरच!

तरीही सर्वच मोकळीक नाही. इमारत पाडताना, दुरुस्त करताना वा बांधताना ती कोसळून जीवितास धोका होऊ नये म्हणून पुरेशी दक्षता न घेणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९० खाली गुन्हा आहे. तेथे कामगारांची संख्या मोजली जात नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की मजुरी ठरवितानाच शिरस्त्राण, पट्टा व चांगल्या बांबू-दोरांचा खर्च हिशेबात धरावा. विजेची तार जवळून जात असेल, तर प्रवाह बंद करवूनच काम लावावे. जुनी भिंत वरून खाली उतरवावी. पायथा आधी पोखरू देऊ नये. जेथे कायदा थांबतो, तेथे घरधन्याचे कर्तव्य सुरू होते.