क्रिमलची खिंड



उन्हाळी सुटी जवळ आली की सैन्यसेवा आटोपलेले आपले मुलगे व मुली युरोपच्या डोंगरांत भटकंतीसाठी निघतात आणि परतल्यावर बर्फाच्छादित शिखरांची छायाचित्रे अभिमानाने दाखवितात. ही हौस स्तुत्यच आहे; शिक्षक या नात्याने मी तिला नेहमीच उत्तेजन देत आलो आहे. परंतु आल्प्सच्या पर्वतराजीत अशी एक वाट आहे की जिच्यावाचून आपल्या देशातील कित्येक कुटुंबे आज येथे नसती, आणि नेमकी तीच वाट आपल्या तरुणांच्या यादीत क्वचितच आढळते. म्हणून आज तिच्याविषयी लिहावयाचे योजिले आहे.

ऑस्ट्रियाच्या झाल्सबुर्ग प्रांतात, नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात, क्रिमल नावाचे खेडे आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची हजार मीटरांहून किंचित अधिक. गावाच्या वर तीन टप्प्यांनी कोसळणारा प्रचंड धबधबा आहे. तिन्ही टप्पे मिळून त्याची उंची ३८० मीटर भरते आणि युरोपातील अत्युच्च धबधब्यांत त्याची गणना होते. वाट या धबधब्याच्या कडेने, सूचिपर्णी वृक्षांच्या दाट अरण्यातून, वळणे घेत घेत चढते. पाण्याचे तुषार अंगावर येतात, पायाखालचा खडक ओला असतो. माथ्यावर पोहोचताच मात्र देखावा एकाएकी पालटतो. समोर सपाट तळाची लांब दरी, मधून शांत वाहणारा ओढा, दोन्ही बाजूंना कुरणे आणि त्यांच्या वर करड्या खडकांचे कडे. दोन-तीन तासांच्या चालीनंतर क्रिमलर टाउअर्नहाउस ही शेकडो वर्षांची जुनी पांथशाळा लागते. तिची उंची सुमारे १,६३० मीटर, म्हणजे आपल्या सह्याद्रीतील सर्वोच्च कळसूबाईच्या माथ्याइतकी. कळसूबाईला जेथे चढ संपतो तेथे या वाटेवर खरा चढ अजून सुरूच व्हावयाचा असतो!

पांथशाळेपासून थोडे पुढे गेल्यावर वाट मुख्य दरी सोडून पश्चिमेकडे विंडबाख ओढ्याच्या दरीत वळते. येथे अरण्य विरळ होऊ लागते. प्रथम उंच झाडे जातात, मग खुरटी झुडपे, मग केवळ गवत, आणि अखेरीस दगडधोंडे व बर्फाचे पट्टे तेवढे उरतात. साडेतीन-चार तासांनी सुमारे २,६३० मीटर उंचीची खिंड येते. आपला हर्मोन पर्वत माथ्यावर २,८१४ मीटर आहे, त्यावरून वाचकांना कल्पना यावी. खिंडीच्या पलीकडे इटली. तेथून हजार मीटर खाली उतरले म्हणजे आर्न नदीच्या खोऱ्याच्या वरच्या टोकाला कासर्न ही वस्ती लागते. हा उतार गुडघ्यांची कठोर परीक्षा घेतो.

ही वाट गिर्यारोहकांनी शोधलेली नाही. इटलीच्या बाजूचे शेतकरी पिढ्यान् पिढ्या याच खिंडीतून आपली गुरे उन्हाळ्यात पलीकडच्या कुरणांवर नेत आले आहेत, आणि ती प्रथा अद्यापही चालू आहे. अशा खिंडीवर प्रथम चढणाऱ्याचे नाव कोरलेले नसते.

आता १९४७ सालाकडे वळू. महायुद्ध संपून दोन वर्षे झाली होती, तरी पूर्व युरोपातील वाचलेल्या यहुद्यांना घर उरले नव्हते. ४ जुलै १९४६ रोजी पोलंडमधील किएल्त्से या गावी ४२ यहुद्यांची हत्या झाली आणि उरल्यासुरल्यांचा धीर सुटला. हजारो लोक ऑस्ट्रियातील निर्वासितांच्या छावण्यांत येऊन दाखल झाले. त्यांना इटलीच्या बंदरांवर जाऊन एरेत्स इस्राएलची जहाजे गाठावयाची होती. परंतु ऑस्ट्रियाचे चार भाग चार राष्ट्रांच्या सैन्यांकडे होते. ब्रिटिशांनी आपल्या भागातील घाट यहुद्यांना बंद केले होते, आणि फ्रेंचांच्या भागातील ब्रेनरचा सोपा रस्ताही अखेरीस बंद झाला. राहिला अमेरिकनांचा भाग. त्याची सीमा इटलीला केवळ एकाच ठिकाणी, काही किलोमीटरपुरती भिडत होती, आणि ते ठिकाण म्हणजे क्रिमलच्या वरची ही पर्वतरांग! तेथे ना मोटाररस्ता होता ना आगगाडी. ‘ब्रिहा’ या गुप्त संघटनेच्या कार्यकर्त्यांना ही वाट निवडावी लागली ती सुंदर म्हणून नव्हे, तर दुसरी शिल्लकच नव्हती म्हणून. त्या कार्यकर्त्यांपैकी मार्को फाइनगोल्ड हे चार छळछावण्यांतून जिवंत बाहेर पडलेले गृहस्थ पुढे झाल्सबुर्गच्या यहुदी समाजाचे अध्यक्ष झाले आणि २०१९ साली १०६ वर्षांचे होऊन वारले.

झालफेल्डन गावाजवळ ‘गिव्हात अवोदा’ नावाची छावणी होती. तेथून रात्री मालमोटारींतून लोकांना क्रिमलपर्यंत आणीत. मध्यरात्रीनंतर अंधारातच ते धबधब्याच्या वाटेने चढू लागत आणि सकाळी पांथशाळा गाठीत. पांथशाळेची मालकीण लीझल गाइसलर त्यांना जेऊ घाली. मुलांसाठी दूध तापवून देई. विश्रांतीनंतर पुढची चढण, मग खिंड आणि रात्री पलीकडचा उतार. ऑस्ट्रियाच्या सीमेवरील शिपाई पुष्कळदा पाठ फिरवून उभे राहत. त्या एका उन्हाळ्यात सुमारे पाच हजार माणसे या वाटेने गेली. त्यांत कडेवरची तान्ही मुले होती, गरोदर स्त्रिया होत्या, वृद्ध होते. पायांत डोंगरी बूट नव्हते, अंगावर मिळेल ते कपडे होते. पुष्कळांनी जन्मात डोंगर चढलेला नव्हता. इटलीत मेरान, मग मिलान, मग बंदर. आणि इतके करूनही कित्येकांची जहाजे ब्रिटिश आरमाराने अडवून त्यांना सायप्रसच्या छावण्यांत टाकले.

येथे एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. पूर्व आल्प्समधील मुक्कामघरे आणि रंगवलेल्या खुणांच्या पायवाटा मुख्यत्वे जर्मन व ऑस्ट्रियन आल्पाइन संघाने उभारल्या. त्याच संघाने १९२४ साली ‘डोनाउलांड’ ही आपली शाखा, तिचे सभासद बहुतांशी यहुदी होते एवढ्याच कारणासाठी, काढून टाकली. अनेक शाखांनी तर त्याआधीच यहुद्यांना दार लावले होते. हिटलर सत्तेवर आला तो १९३३ साली. त्याच्या नऊ वर्षे आधी, ज्यांना पर्वतांवर निस्सीम प्रेम होते अशा सुशिक्षित मंडळींनी हे केले. पर्वतांच्या सहवासाने मन उदार होते असे आपण मुलांना निबंधात लिहावयास शिकवितो. ते विधान मी आता फळ्यावर लिहीत नाही.

२००७ सालापासून ‘आल्पाइन पीस क्रॉसिंग’ या नावाने दर उन्हाळ्यात या वाटेवर स्मरणयात्रा निघते. एरवीही ज्याला जावयाचे असेल त्याने जुलै ते सप्टेंबर हा काळ निवडावा. जुलैच्या आरंभीही खिंडीजवळ बर्फ असू शकते. दोर किंवा खिळे लागत नाहीत, परंतु मजबूत तळव्याचे बूट, पावसाळी अंगरखा आणि ऊनदार कपडे लागतातच. तेथील पिवळ्या पाट्यांवर अंतर तासांत दिलेले असते. आपल्या निगेवमध्ये चालणारा तरुण किलोमीटर मोजतो आणि येथे फसतो. सबंध वाट नऊ-दहा तासांची आहे. शहाण्याने पांथशाळेत रात्र काढून पहाटे निघावे, कारण दुपारनंतर गडगडाटी वादळे उठतात आणि उघड्या खिंडीत विजेपासून आसरा नाही. संकटसमयी ऑस्ट्रियात डोंगरी मदतपथकाचा क्रमांक १४० आहे, सर्व युरोपात ११२ चालतो. कासर्नहून ब्रुनेकच्या बाजूला बस मिळते.

आपण बेने इस्राएल मुंबईहून आलो, तेव्हा आपल्यापुढे असला डोंगर नव्हता. पण दिमोना, अश्दोद, लोद येथे आपण ज्यांच्या भिंतीला भिंत लावून राहिलो ते पोलंड-रुमानियाचे शेजारी कदाचित याच खिंडीतून आले असतील. त्या वर्षी जी मुले पाच वर्षांची होती ती आता ऐंशी ओलांडून गेली आहेत. वाचकांपैकी कोणाच्या शेजारी असे आजीआजोबा असतील तर शब्बाथच्या दुपारी त्यांच्याकडे जाऊन वाट कशी चढलात, पायांत काय होते, कोणी कडेवर घेतले होते, हे अवश्य विचारावे. आणि त्यांची परवानगी असल्यास ती हकिकत मराठीत उतरवून संपादकांकडे पाठवावी. पुढील अंकांत ती छापण्यास जागा देऊ.