घरचें शास्त्र : रक्षकाचें माप

आमचें चिखला गांव मँगनीजच्या खाणीसाठीं प्रसिद्ध. जमिनीखालचें धन काढण्यांत ज्यांच्या पिढ्या गेल्या, ती येथील मंडळी आतां छपरावरचें धन वेंचूं लागली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्यें केंद्र सरकारची सूर्यघर योजना निघाली, तीन किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपयांचें साहाय्य मिळूं लागलें, आणि आमच्या धाकट्या बंधूंनींहि धीर केला.

गेल्या वैशाखांत मात्र घरीं एक वाद उपस्थित झाला. भर दुपारीं, ऊन अगदीं प्रखर असतां, इन्व्हर्टरजवळचा एमसीबी पुनः पुनः पडूं लागला. वायरमन आला आणि म्हणाला, "गुरुजी, हा सोळाचा आहे. चाळीसचा टाकून देतों, मग पडायचा नाहीं." बंधूंस तें पटलें. पुतण्याहि म्हणाला, "मोठे काका, मोठा बसविला तर बिघडतें काय?"

आम्ही जन्मभर संस्कृत शिकविलें. विद्युच्छास्त्र आमचा विषय नव्हे. परंतु सूत्राचा अर्थ नीट लावणें हा आमचा व्यवसाय, आणि विजेचे नियम हीं सूत्रेंच आहेत. त्यांतील पहिलें सूत्र असें कीं, एमसीबी यंत्राचा नव्हे, तारेचा रक्षक होय. तार जितका प्रवाह निर्धास्त वाहील, त्याहून रक्षकाचें माप मोठें असतां कामा नये.

आतां गणित पाहा. तीन हजार वॅटांस २३० व्होल्टांनीं भागिलें असतां सुमारें १३ अँपिअर येतात. सौरप्रवाह तासन्‌तास अखंड चालतो. म्हणून रक्षक त्याच्या निदान सव्वापट असावा, असा अमेरिकन विद्युत्संहितेचा दंडक आहे. सव्वापट म्हणजे १६.३. आमचा सोळाचा एमसीबी त्याहून लेशमात्र उणा. त्यांत पेटी तापलेल्या पत्र्याखालीं, आणि उष्णतेनें एमसीबी आपल्या मापाच्या आधींच पडतो. पुढचें माप वीसचें. मात्र आमची तार २.५ चौरस मिलिमीटरची होती. अशा उष्ण जागीं वीसचा रक्षक बसवावयाचा, तर तार चार चौरस मिलिमीटरची हवी. दोन्ही बदलावीं, असें आम्हीं सुचविलें.

पुतण्यानें शंका काढली : "इन्व्हर्टर तेरापेक्षां अधिक देतच नाहीं, मग तार जळेल कशानें?" शंका मार्मिक होती. उत्तर असें कीं, त्या तारेला दोन मुखें आहेत. एकीकडून सूर्य, दुसरीकडून महावितरणची लाइन. उंदरानें वेष्टण कुरतडलें आणि आंत दोष मुरूं लागला, तर लाइनकडून पंचवीस-तीस अँपिअर उलट धांवून येतील. चाळीसचा रक्षक स्वस्थ बसेल आणि तार भिंतींत धुमसत राहील.

छपरावरचा न्याय निराळा आहे. ५४० वॅटचें पॅनेल काम करतांना सुमारें १३ अँपिअर देतें आणि शॉर्ट सर्किट झाल्यास सुमारें १४. एवढ्या अल्प वाढीची फ्यूजला वार्ताहि लागत नाहीं. म्हणून पॅनेलांची एकच माळ असेल तेथें फ्यूजच्या भरंवशावर राहूं नये. तीन माळा समांतर जोडल्या, तर बिघडलेल्या माळेंत उरलेल्या दोहोंचे २८ अँपिअर शिरतात, आणि पॅनेलवर मर्यादा बहुधा २५ ची छापलेली असते. तेथें प्रत्येक माळेस फ्यूज अवश्य हवा. आंतरराष्ट्रीय नियमानें त्याचें माप शॉर्ट सर्किट प्रवाहाच्या दीडपटीहून अधिक, २.४ पटीहून कमी आणि छापील मर्यादेच्या आंत असावें. अमेरिकेंत सव्वापटीची सव्वापट, म्हणजे १.५६ पट धरतात : एक सव्वा अखंडतेसाठीं, दुसरी ऊन प्रमाणाबाहेर वाढतें त्यासाठीं. भाद्रपदांत फुटक्या ढगांच्या कडेनें ऊन क्षणभर कसें भडकतें, हें वाचकांनीं पाहिलें असेलच.

आणखी एक सावधगिरी. घरची वीज सेकंदास शंभर वेळां शून्यावर येते, म्हणून तिची ठिणगी विझते. पॅनेलची वीज एकाच दिशेनें वाहते, तिची ठिणगी पेटती राहते. यास्तव तेथें डीसीचाच एमसीबी घ्यावा, आणि संच चालूं असतां छपरावरची जोडणी कोणींहि ओढूं नये. मुलांना हें आवर्जून सांगावें.

असो. अखेर वीसचा एमसीबी आणि चारची तार आली. जुनी तार ओढून काढली, तेव्हां पेटीजवळ, एका सैल स्क्रूपाशीं, तिचें वेष्टण तपकिरी पडून ठिसूळ झालेलें आढळलें. पलीकडच्याच खोलींत नातवंडें निजतात. बंधूंनीं तो तुकडा हातांत घेतला, कांहीं बोलले नाहींत, आणि देवघराशेजारच्या कोनाड्यांत ठेवून दिला.

वाचकांनीं आपल्या घरीं तीन आंकडे आजच पाहावे : इन्व्हर्टरचा प्रवाह, एमसीबीचें माप आणि तारेची जाडी. रक्षक वारंवार पडत असेल, तर त्यास मोठा करण्यापूर्वीं तो कां पडतो, हें विचारावें.