संशोधन कोणाच्या दारी?

‘उपयोजित संशोधन’ हा शब्द अलीकडे शिक्षणक्षेत्रात फार ऐकू येतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या विद्यार्थ्यापुढे व्यवसायशिक्षण आणि संशोधन या दोन्ही गोष्टी एकदमच मांडल्या, आणि तेव्हापासून परिपत्रकांत, परिसंवादांत, प्राचार्यांच्या स्वागतपर भाषणांत हा शब्द नैवेद्याच्या वाटीसारखा ठरल्या जागी ठेवला जातो. नैवेद्य देव खात नाही, हे आपल्याला ठाऊक असते. संशोधनाचे फळही कोणी खाणार नाही, असे आपण मनोमन धरून चाललो आहोत की काय, अशी शंका मला येते.

ही शंका मी पेडणे आणि डिचोली या गोव्यातील दोन तालुक्यांच्या आधाराने मांडणार आहे. कोल्हापूरच्या वाचकाला हे तालुके काही दूरचे नाहीत. चंदगडावरून तिलारीचा घाट उतरला की दोडामार्ग, आणि दोडामार्गाच्या पलीकडे डिचोली. अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांनी घेतलेल्या ‘नव्या काबिजादी’तला हा प्रदेश. पणजीला वैद्यकशाळा १८४२ साली निघाली, लिसेव १८५४ साली निघाले. पण उच्च शिक्षणाचा हा उजेड या डोंगराआडच्या गावांपर्यंत फारसा आला नाही. येथल्या मुलांनी देवळातल्या, पडवीतल्या मराठी शाळांत अक्षरे गिरवली आणि पुढे शिकायचे तर मुंबईची वाट धरली. आज चित्र पालटले आहे. पेडण्यात विर्नोड्याला संत सोहिरोबानाथ अंबिये यांच्या नावाचे सरकारी महाविद्यालय आहे, साखळीला सरकारी महाविद्यालय आहे, मयें येथे तंत्रनिकेतन आहे, दोन्ही तालुक्यांत औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. दारी शिक्षण आले. आता प्रश्न असा, की या शिक्षणाच्या दारी गाव जाऊ शकते काय?

उपयोजित संशोधन म्हणजे काय, हे पेडण्याला कोणी नव्याने सांगायला नको. मुंबईच्या इतिहासात ज्यांचे नाव कोरले गेले ते डॉ. भाऊ दाजी लाड याच तालुक्यातल्या मांद्रे गावचे. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले ते विद्यार्थी. पाश्चात्त्य वैद्यक शिकूनही कुष्ठरोगावर औषध शोधताना ते वळले ते आपल्याच रानातल्या कडू कवठाकडे. त्या बियांच्या तेलाचा त्यांनी वर्षानुवर्षे रुग्णांवर प्रयोग केला. हे तेल म्हणजे रोगाचा निर्णायक उपाय नव्हता. तो १९४० नंतर सल्फोन औषधांनी दिला. पण त्याआधीची कित्येक दशके जगभरचे डॉक्टर याच जातीच्या झाडांच्या तेलावर भिस्त ठेवून होते. भाऊ दाजींचा प्रश्न रोग्याच्या खाटेपाशी जन्मला, सामग्री रानातून आली आणि कसोटी पुन्हा त्या खाटेपाशीच लागली. उपयोजित संशोधनाची याहून सोपी व्याख्या मला करता येणार नाही.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे, आणि तेही मातीतले. शापोरा आणि तेरेखोल या दोन नद्यांच्या काठी पेडण्याची खाजने पसरली आहेत. खाजन म्हणजे भरतीच्या पाण्याच्या पातळीखालची शेती. मातीचा बांध घालून खारे पाणी थोपवायचे आणि बांधात ‘मानस’ बसवायची. या मानशीची लाकडी दारे भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या भाराने उघडतात. पावसाने जमिनीतले मीठ धुऊन काढले की भात पेरायचे. अशा जमिनीत टिकणारे भात म्हणजे कोरगुट. उंच वाढते, वाऱ्याने लोळते, उतारा बेताचा. पण खारवटपणाला दाद देत नाही. जुन्या गोव्यातल्या कृषी संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी हेच बियाणे हाती घेतले, त्यातून निवड करून ‘गोवा धान’ या नावाचे वाण काढले, आणि पुढे कोरगुटाचा ‘जया’ या अधिक उताऱ्याच्या भाताशी संकर करून आणखी वाण सिद्ध केले. पलीकडे वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेली काजूची कलमेही अशीच खाडी ओलांडून गोव्याच्या डोंगरांवर रुजली.

मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की कोरगुट कोणा शास्त्रज्ञाने निर्माण केले नव्हते. ते अनाम कुणब्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखले होते. शास्त्रज्ञाने त्याची निवड केली, मोजदाद केली, दोष काढले. शेतकऱ्याची परंपरा आणि प्रयोगशाळेची शिस्त यांची गाठ पडली म्हणून ते काम झाले. नुसत्या परंपरेने उतारा वाढला नसता आणि नुसत्या शिस्तीला सुरुवात कोठून करावी हेच कळले नसते.

परंतु बियाणे सुधारले तरी बांध फुटायचा तो फुटतोच. खेकडे बिळे पाडतात, डागडुजी लांबते, मग एका मोठ्या भरतीत खारे पाणी आत शिरते आणि पाहता पाहता भाताच्या जागी खारफुटी उभी राहते. पूर्वी गाव एकत्र येऊन चिखलाचे काम करीत असे. आज तेवढी माणसे नाहीत, आणि सिमेंटचा बांध हा प्रत्येक ठिकाणी उपाय नव्हे. कोणत्या मातीचा, केवढ्या उताराचा, कोणते गवत लावलेला बांध किती पावसाळे टिकतो? मानशीची दारे कोणत्या लाकडाची, आणि ते लाकूड मिळेनासे झाल्यावर कशाची? स्थापत्यशास्त्राच्या पदविकेला असलेल्या मुलांना यापेक्षा चांगला प्रकल्प कोणता द्यायचा? त्यासाठी परदेशी यंत्रे लागत नाहीत. गुडघाभर चिखलात उतरण्याची तयारी लागते आणि गावातल्या जाणत्या म्हाताऱ्याला ‘बाबा, तुम्ही हे कसे करीत होता?’ असे विचारण्याची नम्रता लागते.

आता डिचोलीकडे वळू. पेडण्याचे दुःख पाण्याने आणले, तसे डिचोलीचे लोखंडाने. दुसऱ्या महायुद्धानंतर येथले लोहखनिज जपानकडे जाऊ लागले आणि साऱ्या तालुक्याची जीवनरीतच बदलली. खाण, ट्रक, बार्ज यांवर घरे उभी राहिली. त्याच वेळी खनिजाच्या टनामागे दोन-तीन टन माती उपसून तिचे डोंगर रचले गेले, आणि पावसात ती माती ओहोळांतून शेतात उतरली. शिरगावात खाणी भूजलाच्या पातळीखाली गेल्या तेव्हा विहिरी आणि झरे आटू लागले आणि गावकऱ्यांचे गाऱ्हाणे उच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१२ साली खाणी बंद पडल्या, २०१४ साली वार्षिक दोन कोटी टनांची मर्यादा घालून न्यायालयाने वाट मोकळी केली, २०१८ साली ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्यावर त्या पुन्हा थांबल्या. पुढे लिलाव झाले आणि २०२४ साली डिचोलीच्या खाणीचे काम पुन्हा सुरू झाले.

या साऱ्या वादात मला एक गोष्ट फार बोचते. विहीर आटली असे गावकरी म्हणतो, पाऊस कमी झाला असे दुसरा म्हणतो. खरे काय, हे ठरवायला बाहेरचे तज्ज्ञ आणावे लागतात, आणि तेही विहीर आटल्यानंतर. विहिरीच्या पाण्याची पातळी मोजायला काय लागते? दोरी, दगड आणि वही! तालुक्यातल्या प्रत्येक गावच्या चार विहिरी, दर पंधरवड्याला एक नोंद. भूगोलाच्या किंवा विज्ञानाच्या वर्गातल्या मुलांनी हे काम हाती घेतले आणि एका तुकडीने वही दुसऱ्या तुकडीच्या हाती दिली, तर वीस वर्षांत त्या महाविद्यालयाकडे असा पुरावा तयार होईल, की खाणमालक, सरकार आणि गावकरी या तिघांनाही त्याच्यापुढे मान तुकवावी लागेल. पुराव्याशिवाय न्याय मागणाऱ्या गरिबाची काय अवस्था होते, हे मी सांगायला नको. अशी वही त्याच्या हाती देणे हे मला शिक्षणसंस्थेचे पहिले सामाजिक कर्तव्य वाटते.

डिचोली ही नुसती खाणींची नव्हे, पितळेच्या समयांचीही आहे आणि मातीच्या भांड्यांचीही. येथल्या कारागिराच्या हातची समई गोव्यातल्या देवघरांत तेवते. पण त्याच्या भट्टीला जळण किती लागते, त्याच्या फुप्फुसात धूर किती जातो, ओतीव कामातले किती नग वाया जातात, याचा हिशेब कोणी मांडला आहे काय? कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्यांना या प्रश्नांचे मोल लगेच कळेल. जवळच प्रशिक्षण संस्था असते, तिच्यात भट्टी असते, निदेशक असतो. पण कारागीर आणि निदेशक एकमेकांच्या उंबऱ्यावर जात नाहीत. एकाला वाटते, हे पुस्तकी लोक. दुसऱ्याला वाटते, हे अडाणी लोक.

यावर दोन आक्षेप येतील, आणि ते विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा, की ज्ञान हे ज्ञानासाठीच असावे. त्याला सतत ‘उपयोग काय?’ म्हणून विचारले तर विद्यापीठाचे दुकान होईल. हे भय खरे आहे. उपयोग म्हणजे कारखानदाराचा उपयोग, असा अर्थ घेतला तर उपयोजित संशोधन ही फुकटात मिळणारी मजुरी ठरेल. पण शिरगावच्या विहिरीचा आणि खाजनाच्या बांधाचा उपयोग कोणा एकाच्या खिशात जात नाही. शिवाय भाऊ दाजींनी औषधाचा शोध घेता घेता शिलालेखही वाचले. एकाने दुसऱ्याच्या आड येण्याचे कारण नाही. दुसरा आक्षेप शिक्षकांचा. तास, परीक्षा, अहवाल आणि पोर्टलवरची भरताड यांतून वेळ कोठे उरतो? हा आक्षेप मला अधिक पटतो. म्हणूनच मी नवे काम मागत नाही. विद्यार्थी आजही प्रकल्प करतातच. मी अशा प्रकल्पांची कपाटे पाहिली आहेत: सोनेरी अक्षरांची बांधणी, आतला मजकूर आदल्या वर्षीच्या प्रकल्पावरून उतरवलेला, आणि बाहेर कुलूप. तेच श्रम खऱ्या प्रश्नावर खर्च व्हावेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

त्यासाठी तीन साध्या गोष्टी कराव्यात. विषय निवडताना ग्रामसभेला विचारावे. झालेले काम गावात वाचून दाखवावे, आणि ते गावाच्या भाषेत असावे. गोव्यात कोंकणी-मराठीचा वाद जुना आहे आणि त्यात मी शिरत नाही. दोहोंपैकी कोणतीही चालेल, कारण दोन्ही गावाला कळतात. केवळ इंग्रजीत लिहिलेला, विहिरीविषयीचा अहवाल मात्र विहिरीच्या मालकाला वाचता येत नाही. तिसरे, ज्या शेतकऱ्याकडून वा कारागिराकडून ज्ञान घेतले, त्याचे नाव, त्याची संमती घेऊन, पहिल्या पानावर छापावे. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने प्रा. गज्जरांनी १८९० साली कलाभवन काढले, तेव्हा यंत्रशास्त्र आणि रंगशास्त्र देशी भाषेत शिकवण्याचा आग्रह धरला. दादासाहेब फाळके त्याच कलाभवनात शिकले. सव्वाशे वर्षांपूर्वी एका संस्थानाला जे सुचले, ते आज आपल्याला अवघड का वाटावे?

पेडण्यात आता मोप्याचा विमानतळ आला आहे. जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडतात. पठाराखालच्या गावांतल्या मुलांना तेथे कोणते काम मिळते, कोणते शिक्षण कमी पडते, पठारावरचे पावसाचे पाणी आता कोठे जाते, हे सारे प्रश्न पुढच्या वीस वर्षांत भांडणाचे विषय होणार. भांडण उभे राहण्याआधी वही उघडली, तर डिचोलीची चूक पेडण्यात टळेल.

आणि हे सारे मी कोल्हापूरच्या वर्तमानपत्रात लिहितो आहे, ते शेजाऱ्याला शहाणपण शिकवण्यासाठी नव्हे. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पल २०२५ साली इटलीतल्या एका फॅशन कंपनीच्या मंचावर नाव न घेता झळकली, तेव्हा आपण फार संतापलो. पण त्या चपलेचे कातडे कमावणाऱ्याचे कष्ट कमी व्हावेत म्हणून आपल्या किती महाविद्यालयांनी काय केले, हे विचारायला मात्र आपण विसरलो. पंचगंगेचे पाणी आपणही रोज पाहतो. ते मोजणारी वही आपल्याकडे तरी किती महाविद्यालयांत आहे?